रंगवलेली रेघ

हेमचंद्र भिंतीला चौथा हात मारत होता आणि त्याची मुलगी शिवांगी नाकावर मास्क चढवून बघत होती. मास्क कोविडसाठी नव्हता. घरात ही दोघंच. तो वासासाठी होता.

मार्चमध्ये सिडनीजवळची हॉक्सबरी नदी घरात शिरली, ती गटार, डिझेल, मेलेले मासे सगळं सोबत घेऊन. शिवांगीच्या खांद्याएवढं पाणी चढलं, आणि ओसरताना लिव्हिंग रूमच्या भिंतीवर तपकिरी रेघ सोडून गेलं. रेघेखाली तिच्या हाताचा ठसाही होता. चिखलात घसरताना तिने भिंत धरली होती. करंगळी बाहेर वाकलेली. शाळेच्या लॉकरवर ठोसा मारून तिने ती मोडून घेतली होती. त्यानंतर शाळेत ती गेलीच नाही.

पाणी इथे येणारच होतं. जुनं गाव वर टेकाडावर, तिथल्या पबच्या खांबावर जुन्या पुरांच्या खुणा. खाली नुसती शेतं आणि पाणथळ. मग कुणीतरी पाणथळीत माती ओतली, प्लॉट पाडले, रस्त्यांना पेलिकन ड्राइव्ह, हेरन कोर्ट अशी नावं दिली. पक्षी हाकलायचे आणि त्यांच्याच नावाच्या पाट्या लावायच्या.

"परत वर आली बघ," ती म्हणाली. पांढऱ्या रंगातून रेघ उमटत होती, चहा सांडल्यासारखी.

"वाळला रंग की जाईल. आणि व्हिडिओवर वास जात नाही. तू फोन धर आणि तोंड बंद ठेव."

"गलिच्छ आहे हे, बाबा."

"मग तूच घे विकत. आहे जॉब?"

त्यालाही नव्हता. लॉकडाऊनने नोकरी खाल्ली, पुराचा इन्शुरन्स काढलेला नव्हता. उरलं होतं ते हे घर.

गिऱ्हाईक कालगुर्लीचं, ऑस्ट्रेलियाच्या पार पश्चिमेकडच्या वाळवंटातलं. पद्मा तिथे हॉस्पिटलात डॉक्टर, आता सिडनीला यायचं म्हणत होती. कोविडमुळे राज्याची बॉर्डर बंद, म्हणून घर फोनवरच बघायचं. स्क्रीनवर ती दिसली, मांडीवर तिची तान्ही सावनी.

"उजेड छान आहे हं. त्या भिंतीपाशी पाळणा ठेवू. काय गं सावने?"

शिवांगीने फोन भिंतीजवळ नेला.

पद्माचं हसू थांबलं. तिने बाळाचं दुपटं नाकाला लावलं.

"कसला वास येतोय?"

"तुमच्याकडचाच असेल काहीतरी, पद्माताई," हेमचंद्र हसून म्हणाला.

"आमच्याकडे नुसती लाल धूळ हो. हा मासे कुजल्यासारखा." बाळ तोंड फिरवून रडायला लागलं. "शिवांगी, तू सांग गं खरं. तिथे पुराचं पाणी आलं होतं?"

फोनच्या मागे बाबाने हात जोडले. ब्रश हातातच. रंग त्याच्या बुटावर ठिबकत होता. आयुष्यभर नुसता ओरडत आलेला माणूस. तिला त्याची किळस आली, मग दया आली, आणि त्या दयेची जास्तच किळस आली.

"नाही काकू," ती म्हणाली. "कोरडं आहे सगळं."

भिंतीच्या आत काहीतरी बुडबुडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माचा फोटो आला. तिचं कालगुर्लीचं घर. पाळण्यामागच्या भिंतीवर तपकिरी रेघ.

"इथे पावसाचा थेंब नाही. हे कसलं गं?"

शिवांगीने फोटो मोठा केला. रेघेखाली हात होता.

करंगळी बाहेर वाकलेली.

ती लिव्हिंग रूममध्ये धावली. भिंत पांढरीशुभ्र. तळवा टेकवला. खडखडीत कोरडी.

तिने मास्क काढला.

"गेला ना वास?" किचनमधून बाबा खुशीत म्हणाला. "सांगत होतो मी."

गेला होता.

तिने घाईघाईने टाइप केलं, "काकू, मी खोटं बोलले. पाणी आलं होतं. घर घेऊ नका." पाठवलं, आणि भिंतीकडे बघितलं. भिंत तशीच पांढरी.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"सावनीला तीनदा न्हाऊ घातलं. केसांतून अजून चिखलच निघतोय."