घरच्या विजेचा भाव

“गाडी खरंच विकायचीय, की नुसतंच लिहिलंय?”

मी मोबाइलमधून मान वर काढली. होटगी रोडवरच्या एका हॉटेलच्या आवारात मी गाडी चार्जरला लावून बसले होते. एक उंच, सावळा तरुण तिच्या मागच्या काचेवरचा ‘विकणे आहे’ हा कागद वाकून वाचत होता. दोन्ही हातांत चहाचे कप, शर्टाच्या बाहीला ओली माती.

“विकायचीय. दोन्ही कप तुमचेच का?”

“एक माझा. दुसरा गाडीच्या मालकाचा.” त्यानं कप पुढं केला. “चहा घेतला की माणूस भाव जरा नीट सांगतो.”

हसू आलं. चहाही घेतला.

“गाडीत काय खराबी आहे?”

“गाडी सोन्यासारखी आहे. अडचण माझ्या पार्किंगची आहे.”

मग मी – उत्कर्षा, आडनाव बोल्ली – त्या अनोळखी माणसाला माझं रडगाणं ऐकवत बसले. मी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंट बघते. घरी चार्ज केली तर किलोमीटरला दीडेक रुपया पडेल, या हिशोबावर ही इलेक्ट्रिक गाडी हप्त्यानं घेतली. पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अडून बसले – पार्किंगमध्ये चार्जर नको, आग लागेल! तेव्हापासून मी अशी आवारा-आवारात उभी.

“घरी युनिटला नऊ-दहा रुपये पडले असते. इथं बावीस-तेवीस. वर रांग असली की तासभर जातो. तेवढ्यात एक पेशंट झाला असता.”

“तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच की.”

“स्वस्त आहे हो. पण हप्ता भरून हातात काही उरावं, एवढं नाही. आता एक तर गाडी सोडायची, नाहीतर लांबचे पेशंट.”

“लांबचे म्हणजे कुठले?”

“कुंभारीचे. विडी कामगारांच्या वसाहतीतले. बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात, माना धरतात, पाठी धरतात. त्यांच्याकडून जास्त फी मागवत नाही मला.”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मी कुंभारीचाच. शिवराज बिराजदार. रोपांची नर्सरी आहे आमची.”

गाडी चालवून बघायची म्हणून तो स्टिअरिंगवर बसला, मी शेजारी. होटगी रोडवर डिसेंबरचं कोवळं ऊन पसरलं होतं.

“आवाजच नाही की हिला!”

“ब्रेक हळू दाबा. खड्डा आहे तिथं... हळू! आणि हे बघा, मागच्या सीटवर कुंड्या ठेवायच्या नाहीत.”

“बरं.”

“खताच्या गोण्या तर अजिबात नाहीत. आणि रोज पुसून घ्यायची –”

“डॉक्टर, गाडी विकताय की मुलगी देताय?”

मी हसले... आणि हसता हसताच डोळे भरून आले. पटकन खिडकीबाहेर बघितलं, पण त्यानं पाहिलं होतं. हॉटेलपाशी परत आल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

“मी नाही घेत.”

“भाव कमी करते थोडा...”

“भावाचं नाही. तुम्हाला ती द्यायचीच नाहीये.” तो बाहीची माती झटकत राहिला. “नर्सरीला लागूनच आमचं घर आहे. घरच्या मीटरवर जाड वायरीचं सॉकेट आहे. हळूहळू होईल चार्ज, दिवस जाईल. पण दिवसभर तुम्ही वसाहतीतच असता ना?”

“फुकट नको मला.”

“फुकट कोण देतंय? आमच्या बाबांचा खांदा आखडलाय. कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तुम्ही ऐकवून दाखवा.”

काचेवरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. सकाळी नर्सरीत गाडी लावायची, आधी त्याच्या बाबांचा, म्हणजे तिप्पण्णाकाकांचा खांदा, मग वसाहत. पहिल्या दिवशी काकांनी मला खालून वर न्याहाळलं.

“ही एवढीशी पोर माझा हात वर करनार व्हय?”

“मी नाही काका, तुम्हीच करणार. भिंतीवर बोटं चालवा. एक... दोन...”

“आयायायाई! शिव्या, कुणाला आनलंस रे घरात!”

शिवराज मोगऱ्याच्या वाफ्याआड तोंड लपवून हसत होता.

पहिल्या आठवड्यात मी वसाहतीपर्यंत चालत गेले. दुसऱ्या आठवड्यात त्याला नेमकं तिकडंच काम निघालं. तिसऱ्यात त्यानं काम सांगायचंही सोडलं. स्कूटर पुसून तयार असायची.

“आज काय काम तिकडं?”

“आहे एक.”

“कुठलं?”

“तुम्हाला सोडायचं.”

मागे बसताना मी ओढणी उगाचच दोनदा सावरली.

संध्याकाळी परत आले की पाणी दिलेल्या मातीचा ओला वास दरवळत असायचा. गाडी अजून भरत असायची, आणि आम्ही बाकावर हुरडा आणि शेंगाचटणी खात बसायचो. बाहेरच्या चार्जरवर मी सारखी स्क्रीनकडं बघायचे, कधी एकदाचं होतंय म्हणून. इथं... इथं मात्र ते जरा हळूच व्हावं असं वाटायचं. तो रोपांबद्दल बोलायचा, मी पेशंटबद्दल. मध्येच नजरा अडखळायच्या. मग दोघंही गाडीकडं बघायचो – जणू ती काही बोलणार होती.

जानेवारी संपता संपता सोसायटीची बैठक झाली. शेजारच्या इमारतीत चार्जर बसले होते, सेक्रेटरींच्या जावयानंही इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, आणि आग लागायची भीती एकाएकी विझली. मला परवानगी मिळाली. आई आणि नाना खूश, मीही खूश. रात्री मात्र झोप लागेना.

शुक्रवारी मी शिवराजला सांगितलं. तो कुंड्यांना पाणी घालत होता.

“परवानगी मिळाली. सोमवारी माझ्या पार्किंगमध्ये चार्जर बसतोय.”

“छान झालं.” त्यानं वर बघितलं नाही. “स्वस्त पडेल.”

“हो. आता इथं यायची गरज नाही.”

“बरोबर आहे.”

तो त्याच कुंडीत पाणी ओतत राहिला. माती भरली, पाणी काठावरून वाहायला लागलं. बस, एवढंच? मी पर्स उचलली.

“गरज कशी न्हाय?” काका ओट्यावरून ओरडले. “माझा खांदा लई दुखतोय अजून!”

आणि वेलाला आलेलं दोडकं तोडायला त्यांनी तोच हात सरळ डोक्याच्या वर नेला.

मी बघत राहिले. शिवराज बघत राहिला. काकांनी हात हवेतच थांबवला, मग जीभ चावली.

“काका! हा कधीपासून बरा आहे?”

“झालं असतील पंधरा दिस...” ते दोडकं घेऊन घाईनं आत वळले. “तुमाला काय बोलायचं ते बोला की आता! मी किती दिस खांदा धरून बसू?”

मोगऱ्याच्या वाफ्यापाशी आम्ही दोघंच उरलो. त्यानं पाइप खाली ठेवला.

“मला बोलायचं होतं. महिनाभर जिभेवर होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलणार? गाडी इथं लावल्याशिवाय तुमचं काम चालत नव्हतं. अशा वेळी विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. हो म्हणाला असतात, तर ते मनापासून की अडचणीपायी... मलाच कळलं नसतं.” त्यानं पहिल्यांदाच नजर वर केली. “म्हणून मी तुमच्या त्या सेक्रेटरीच्या होकाराची वाट बघत होतो. आणि आज तो मिळाला, तर विचारायचा धीरच होईना. आता तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची गाडी अडणार नाही, पेशंट सुटणार नाहीत. आता विचारतो. उत्कर्षा... माझ्याशी लग्न करशील?”

महिनाभर माझ्या मनात कितीतरी वाक्यं घोळली होती. त्यातलं एकही आठवेना.

“आमच्या घरी तेलुगू बोलतात,” मी म्हणाले.

“आमच्या घरी कन्नड.”

“मग भांडायचं कशात?”

“मराठीत. म्हणजे कुणालाच जास्तीचा फायदा नको.”

मी हसले, आणि हसतानाच मान हलली. त्यानं विचारलं, “हे हो आहे ना?” मी म्हटलं, “हो रे... हो.” तो ‘रे’ ऐकून त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं माझा हात धरला, आणि त्याच्या बोटांची ओली माती माझ्या तळव्याला लागली.

आतून काकांची हाक आली, “ऊटा माडी होगु! जेवूनच जा गं पोरी, दोडक्याची भाजी करतोय.”

तेवढ्यात आईचा फोन वाजला.

“कुठं आहेस? गाडीला अजून वेळ लागणार का?”

मी शिवराजकडं बघितलं. तो श्वास रोखून उभा होता.

“गाडी कधीच भरली, अम्मा,” मी म्हणाले. “मलाच जरा वेळ लागेल. आणि रविवारी नानांना घरीच थांबायला सांग. एकाला घेऊन येतेय.”