रिकाम्या खुर्च्यांचा वन्समोअर

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जिच्यावर हे गुदरलं, ती वैजयंती शाळेतली माझी विद्यार्थिनी. गेल्या वर्षीचा डिसेंबर. केनवडचं एक मंगल कार्यालय. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

वैजयंती केनवडचीच. एकोणीस वर्षं ती पुण्याच्या एका संगीत नाटक मंडळीत होती. सतत सखी, नाहीतर दासी. आता कुठे नायिका झाली होती, आणि त्या संध्याकाळी प्रयोग तिच्याच गावात होता. तिची आई प्रयागबाई लेकीला पहिल्यांदा रंगमंचावर बघणार होती.

दुपारी सगळे जेवायला गेले. मागे राहिले दोघंच. वैजयंती आणि ऑर्गन वाजवणारे, तिच्याच गावचे धनसिंगकाका.

"काका, एकदा पद म्हणून बघू?"

"एकदाच हं. आवाज संध्याकाळले ठेव. नाईतं तुही माय मलेच बोलन."

ती गायली. सूर सुरेख लागला.

पद संपलं आणि... "वन्समोअर!"

शेवटच्या रांगेतून. बाईचा आवाज.

नाटकवाल्यांची एक रीत असते. वन्समोअर आला की नट हात जोडतो. आणि एकदा हात जोडले, की पद पुन्हा म्हणावंच लागतं. वैजयंतीचे हात सवयीने जोडले गेले.

मग तिने मान वर केली.

चारशे खुर्च्या. एकीवरही माणूस नव्हतं.

"कोनाले नमस्कार करून राह्यली, पोरी?" काकांनी विचारलं.

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

वैजयंती उत्तर देणार होती. पण तोंडातून पदच निघालं.

ते संपलं आणि पुन्हा... "वन्समोअर!"

हात आपोआप वर आले.

काकांनी ऑर्गन बंद केला. तिचं गाणं बंद होईना.

"बस कर ना वो माय! काहून गाऊन राह्यली?" त्यांनी दंड धरून ओढलं. ती जागची हलली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गळा गातच होता.

सातव्यांदा आवाज फाटला.

अकराव्यांदा नुसती हवा आली.

मग शेवटच्या रांगेतून... टाळ्या. एकाच माणसाच्या. अगदी सावकाश.

तिचे पाय सुटले. आवाज मात्र गेला होता.

संध्याकाळी तिचा शालू नेसून मंडळीतली रूपा नायिका म्हणून उभी राहिली. रूपाला गाता येत नाही, म्हणून नायिकेची सगळी पदं गाळली. विंगेत उभी राहून वैजयंती पहिल्या रांगेतल्या आईकडे बघत होती. आई सारखी मागे वळत होती.

प्रयोग संपल्यावर प्रयागबाई आत आली. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"ते पोरगी तं नुसती बोलते! गायली तं तूच. पन माह्या मांगं बसून काहून गात होती वो? कितीदा वळून पाह्यलं, दिसलीच नाई."

वैजयंतीने जोरजोरात मान हलवली.

"नाई काय म्हन्ते? माह्या लेकीचा आवाज मले वयखू येत नाई काय?" आई हसली.

सांगायला तिने तोंड उघडलं... काही नाही.

डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. हे सगळं तिने मला वहीत लिहून दिलंय. शेवटी एक प्रश्न आहे. 'सर, माझा आवाज अजून तिथेच आहे का? तुम्ही बघून याल?'

मुलांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मी कधी वर्गाबाहेर पडलो नाही. ते कार्यालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

अजून माझं पाऊल उचललेलं नाही.