गणिताच्या बाईंचा डोळा

सोमवारी सकाळी, ओळखपाळख व्हायच्या आधीच, समोर बसलेला माणूस तिच्या डोळ्यांत टक लावून बघायला लागला. बरं, बघायचं तर चोरून बघावं, पकडलं गेलं की नजर वळवावी, अशी काहीतरी रीत असते ना? याने मात्र एक डोळा मिटून, मान तिरकी करून, दुकानात कापड पारखावं तसं निवांत बघितलं.

"काही हवंय का?" तिने विचारलं.

"जरा खिडकीकडे बघता? उजेडात?"

"का म्हणून?"

"तुमचं बुबुळ नुसतं तपकिरी नाहीये. आत मधाच्या रंगाची बारीक कड आहे..." एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... माझं कामच आहे ते. मी काचेचे डोळे बनवतो. ज्यांचा डोळा गेलाय त्यांच्यासाठी."

"मी काचेचे मणी बनवते. म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्याकडे बघत बसत नाही."

शेजारी झुंबरं दुरुस्त करणारे एक जाडजूड काका बसले होते. ते एवढ्या जोरात हसले की टेबलावरच्या काड्या खुळखुळल्या. झाली ओळख.

एका बंद पडलेल्या छापखान्याच्या लांबलचक खोलीत ही बारा माणसं आठवडाभरासाठी जमली होती. प्रत्येकापुढे एक बर्नर, ज्योतीचा पिवळा झगमगाट अडवणारा एक जांभळट चष्मा आणि काचेच्या काड्या. ज्याला जे येतं ते त्याने दाखवायचं, जे येत नाही ते दुसऱ्याकडून शिकायचं. देखरेखीला काकू होत्या. चाळीस वर्षं ज्योतीपुढे बसून त्यांची डावी भुवई कायमची गेली होती आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

"नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत," काकूंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. "काय बनवता ते सांगा." त्यामुळे ती झाली मणी, तो झाला डोळे आणि काका झाले झुंबर.

दुसरी गोष्ट काकूंनी तीनदा सांगितली. प्रत्येकाची काच आपापल्या डब्यात. एकाची काडी दुसऱ्याच्या कामाला लावायची नाही. "काचेच्या जाती वेगळ्या असतात. गरम असतात तोवर गळ्यात गळा. गार व्हायला लागल्या की एक जास्त आकसते, एक कमी, आणि मग मधोमध तडा. दिसायला सारख्या दिसतात म्हणून फसू नका!"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. बसला आणि गप्प. तिने निम्मं जेवण संपवलं तरी गप्पच.

"तुम्ही डोळे बनवता, तोंडाचं काम दुसरं कोणी बघतं का?" शेवटी तिने विचारलं.

तो हसला. हसला की बरा दिसायचा, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं आणि डाळीत लक्ष घातलं.

"मला एक शिकवाल?" तो म्हणाला. "काचेची तार ओढायची आणि तिने रेघा काढायच्या. तुमच्या मण्यांवर असतात ना, केसासारख्या..."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याचे बाबा तीस वर्षं डोळे बनवत होते. पांढरा गोळा फुंकणं, तो माणसाच्या मापाचा करणं, हे सगळं त्याला झोपेतही जमायचं. पण बुबुळाच्या रेघा नेहमी बाबांनीच काढल्या. आता बाबांचे हात थरथरायला लागले होते आणि याने काढलेल्या रेघा म्हणजे नुसता चिखल. त्यातच एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचा डोळा धुताना बेसिनमध्ये पडून फुटला. तीन आठवडे त्या पट्टी लावून घरात बसल्या होत्या. पुढच्या सोमवारी दहा वाजता त्या नवा डोळा न्यायला येणार होत्या आणि तिथून थेट शाळेत जाणार होत्या.

"बाबा म्हणाले, या आठवड्यात तुला तपकिरी डोळा जमला तर आपलं काम चालू. नाही जमला तर पाटी उतरवू. लोकांना खोटी आशा दाखवायची नाही."

"आणि बाई?"

"बाईंना दुसरं गाव गाठायला लागेल. अजून दोन महिने पट्टी."

तिने हात धुतले आणि म्हणाली, "चला. दाखवा तुमचा चिखल."

चिखलच होता. तो रेघ काढताना श्वास रोखायचा, दात आवळायचा, खांदे कानांपर्यंत न्यायचा, आणि तार हमखास जाड टेकायची. बुधवारी दिवसभर तेच. संध्याकाळी तिचा धीर सुटला.

"अरे, परीक्षेला बसलायस का?" ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "बोल ना काहीतरी! मी मणी करताना सतत बडबडते. तोंड चालू असलं की हात मोकळा राहतो."

"काय बोलू?"

"काहीही. कालच्या भाजीला नावं ठेव."

"भाजी चांगली होती."

"देवा रे..." तिने कपाळाला हात लावला. पण तेवढ्यात त्याची एक रेघ बारीक आली होती. दोघांनी ती बघितली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. झुंबरकाका खाकरले आणि उगाचच आपली पक्कड शोधायला लागले.

गुरुवारी पाऊस होता. खिडक्यांतून वारा यायला लागला, ज्योती लवायला लागल्या, म्हणून काकूंनी दोन तास काम बंद ठेवलं. बाकीचे झोपले. हे दोघं पायरीवर बसले. तिने घरचं सांगितलं: आई, ताई, ताईचा नवरा आणि तिच्या लग्नाची त्या तिघांना लागलेली घाई.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? मुलं बघायला येतात. विचारतात, हे मण्यांचं काम लग्नानंतरही करणार का? मी हो म्हणते. ते चहा पिऊन जातात."

"मूर्ख आहेत."

"तू गेला नसतास?"

त्याने हात पुढे करून पावसाचं पाणी ओंजळीत घेतलं. "मला चहा आवडत नाही," तो म्हणाला. "ढकलून देऊ का या पायरीवरून?" ती म्हणाली; हसावं की रागवावं ते तिला कळेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र हसू आलं, आणि मग झोप काही लवकर आली नाही. आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय, हे तिने तेव्हा स्वतःशी सरळ कबूल केलं.

शनिवारी दुपारी खरा डोळा करायला घेतला. तो रेघा काढत होता, ती शेजारी बसून तारा पुरवत होती. तो न बघता हात पुढे करायचा, "तार," म्हणायचा, आणि ती त्याच्या बोटांत तार द्यायची. तासभर असंच चाललं. शेवटच्या दोन-तीन रेघांना त्याचा हात जरासा थबकला, मग पुढे गेला. काळी बाहुली टेकवली, वर पारदर्शक काचेचा थेंब घातला, आणि ज्योतीतून एक जिवंत तपकिरी डोळा बाहेर आला.

"झालं!" ती ओरडली. "अरे, झालं! जमलं तुला!" तिने त्याच्या खांद्यावर चांगल्या दोन थापा मारल्या, काकूंना ओढून आणलं, काकांना दाखवलं. तो तिच्याकडे बघून हसत होता. जरा कमीच हसतोय असं तिला वाटलं, पण दमला असेल, म्हणून तिने सोडून दिलं. गोळा हळूहळू गार व्हायला भट्टीत गेला.

रविवारी सकाळी भट्टी उघडली. डोळ्याच्या बरोबर मधून, बुबुळ कापत, आरपार तडा गेला होता.

"माझाच हात," तो म्हणाला आणि हातमोजे काढायला लागला.

ती आपल्या जागेवर परतली. डोळे भरून आले होते, म्हणून उगाचच डबे नीट लावायला घेतले, आणि तिचा हात थांबला. तिच्या स्वतःच्या डब्यात काल तिने मण्यांसाठी तपकिरी तारा ओढून ठेवल्या होत्या. सहा होत्या. आता तीनच उरल्या होत्या.

गप्प बसली असती तर कोणाला काही कळलंही नसतं. सगळे पिशव्या भरायला लागले होते. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझा हात नाही. माझा. काल शेवटच्या तीन तारा मी माझ्या डब्यातल्या दिल्या. बोलता बोलता... मी बघितलंच नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"लोण्यासारखी वितळली. आमची काच तशी वितळत नाही. पहिल्याच रेघेला कळलं."

"मग थांबला का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने देत होतीस. नंतर एवढी खूश झालीस... मला सांगवेना. म्हटलं, तीनच रेघा आहेत, कदाचित टिकतील."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "टिकतील? दहा वर्षं हे काम करतोस, आणि टिकतील? तिकडे त्या बाई पट्टी लावून बसल्यात, बाबा पाटीकडे बघत बसलेत, आणि तू इथे माझं मन राखत बसलास? माझ्या चुकीला चूक म्हणायची हिंमत नसेल, तर मला असला माणूस नकोय!"

हे शेवटचं वाक्य जरा जास्तच निघालं. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. त्याचे कान लाल झाले, तिचेही झाले असावेत.

"चूक झाली तुझी," तो हळू आवाजात म्हणाला. "डबा बघायला हवा होतास."

"हो. आता ऊठ आणि बर्नर लाव."

"भट्टीला संध्याकाळ होईल. तुझी बस दुपारची आहे."

"माझी बस मी बघते. तू लाव."

काकूंनी आपली पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि भट्टी तापवायला घेतली.

या वेळी तिने तिचा डबा खोलीच्या पार टोकाला नेऊन ठेवला. त्याच्या डब्यातली प्रत्येक तार दोनदा बघून मगच त्याच्या हातात दिली. पांढरा गोळा फुंकून झाला. पहिल्या रेघेला त्याचे खांदे पुन्हा वर जायला लागले.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"सुचेल ते."

त्याने ज्योतीवरची नजर हलवली नाही. "सोमवारी तुझे डोळे बघितले ते कामासाठी. खरंच." एक रेघ. "मंगळवारी बघितले ते कामासाठी नव्हते." दुसरी रेघ. "गुरुवारी तू ढकललं असतंस तरी मी त्या पायरीवरून उठलो नसतो." तिसरी, चौथी. "काल तुला सांगितलं नाही, कारण तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता. ते चुकलंच. पण कारण ते होतं... तार."

तिने तार दिली.

"टेबल हलवू नकोस ग, मणी," काकू म्हणाल्या.

"मी कुठे हलवतेय!" ती म्हणाली, पण कोपर टेबलावरून उचलून घेतलं.

तो बोलत राहिला, रेघा उमटत राहिल्या. संध्याकाळी भट्टी उघडली तेव्हा खोलीत तिघंच होते. डोळा अख्खा होता. काकूंनी तो उजेडाकडे धरून चारी बाजूंनी फिरवला आणि कापसात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला.

"मी येते उद्या," ती त्याला म्हणाली. "बाईंना बसतो का बघायला."

"तुझं गाव उलट्या दिशेला आहे."

"माझं गाव कुठे आहे ते मला माहीत आहे."

तिने ताईला फोन करून एक दिवस उशीर होईल एवढंच सांगितलं. काकूंकडे मुक्काम केला. सोमवारी पहाटेच्या पहिल्या बसने दोघं निघाले आणि नऊच्या आत त्याच्या बाबांच्या कारखान्यात पोचले. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, एक आरसा, एक खुर्ची आणि खणाखणांत डोळे. बाबा हात खिशात घालून उभे होते. त्यांनी डोळा टेबलावर ठेवायला लावला आणि भिंग काढलं, पण भिंग काही स्थिर राहीना.

"जरा धर ग," ते तिला म्हणाले. ती कोण, कुठली, काही न विचारता. तिने भिंग धरलं. बाबा वाकून बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले.

"बाहेरची कड थोडी जाड झालीये," ते म्हणाले. "पण रेघा जिवंत आहेत. जमलं रे तुला."

तो मटकन स्टुलावर बसला. मग उठून कामाला लागला, कारण दहाच्या आत मागचा भाग बाईंच्या मापाला घासून गुळगुळीत करायचा होता.

गणिताच्या बाई दहा म्हणजे दहाला आल्या. त्यांनी पट्टी काढली, डोळा बसवला आणि आरशात बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हसून बघितलं. मग रुमाल काढून दुसरा डोळा पुसला.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "हा माझाच आहे हो."

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग वळून त्यांनी विचारलं, "बरं, ही मुलगी कोण?"

तो उभा राहिला. या वेळी हातात काही काम नव्हतं आणि नजर लावायला ज्योतही नव्हती. "बाबा, हिने मला तार ओढायला शिकवली. हिची चूक झाली तेव्हा हिने स्वतः येऊन सांगितलं, आणि माझी झाली तेव्हा बारा जणांसमोर झापलं. मला हिच्याशी लग्न करायचंय."

भिंग तिच्या हातातच होतं. तिने ते जपून खाली ठेवलं.

"मला अजून कोणी काही विचारलेलं नाही," ती म्हणाली.

"विचारलं नाहीस?" बाबा त्याच्याकडे वळले. "अरे ठोंब्या!"

"विचारा की मग," बाई आरशातूनच म्हणाल्या. "मला साडेअकराचा तास आहे."

तो तिच्याकडे वळला. कान लाल, हाताला अजून काचेची धूळ. "करशील का लग्न? माझ्याशी?"

"हो," ती म्हणाली. ते इतकं हळू निघालं की तिचं तिलाच धड ऐकू आलं नाही.

बाई खुर्चीत पूर्ण मागे वळल्या आणि दोन्ही तपकिरी डोळे तिच्यावर रोखून म्हणाल्या, "असं पुटपुटायचं नाही. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मग तिने पुन्हा सांगितलं, आणि रस्त्यापलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.