भिंतीवरचं व्हायोलिन

लुडमिला व्हायोलिन मागायला आली होती, गोष्ट ऐकायला नव्हे. थंडीनं तिच्या व्हायोलिनची मान तडकली होती आणि पहाटे पाचच्या गाडीनं तिला पहिल्या दौऱ्यावर निघायचं होतं. ताबोर गावात रिकामं पडलेलं व्हायोलिन एकच, ओताकार मास्तरांच्या भिंतीवरचं. मास्तरांनी स्वतःचं केव्हाच विकलं होतं. ११ फेब्रुवारी १९३२, गुरुवार, रात्रीचे साडेनऊ.

"ते नेऊ नकोस," मास्तर म्हणाले. "ते क्रिश्तूफेकचं."

"मास्तर, तुमच्या पिढीची भुतंसुद्धा आमच्याच वाटेत आडवी."

मास्तर हसले नाहीत. शेगडीत लाकूड सारून सांगू लागले.

मैफलीत मुख्य वादकाची तार तुटली, तर मागचा पहिला साथीदार आपलं व्हायोलिन पुढे करतो. तुटकं स्वतः घेतो. रीतच ती. तरुणपणी झ्देनेकनं क्रिश्तूफेकला असंच आपलं दिलं. त्या रात्री क्रिश्तूफेक गाजला आणि ते परत करायचं विसरला. विसरला म्हणायचं. त्याच व्हायोलिनवर त्यानं बारा वर्षं वॉर्सा, ओडेसा गाजवलं. झ्देनेक क्रिश्तूफेकच्या बसक्या आवाजाच्या व्हायोलिनवर गुत्त्यांत वाजवत मेला. तेव्हा क्रिश्तूफेक आला आणि आपलं ते जुनं व्हायोलिन त्यानं स्वतःच्या हातानं शवपेटीत ठेवलं.

"झ्देनेकचं का नाही ठेवलं?"

"कसं ठेवेल? पुढच्या आठवड्यात बुडापेस्टला मैफल होती."

दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९१२ ला, तो इथल्या नाट्यगृहात वाजवायला आला. मागे पहिल्या खुर्चीवर मास्तर. आठ वाजून चाळीस मिनिटांनी तार तुटली.

"मी माझं पुढे केलं. त्यानं न बघता हात मागे केला. पण डावीकडे... तिकडे कुणी नव्हतं, पोरी."

"मग?"

"हातात व्हायोलिन आलं."

"कुणी दिलं?"



"चार सूर वाजवले त्यानं. मग खाली बघितलं... हे होतं. पुरलेलं. झ्देनेकचं पुन्हा कुणाला दिसलं नाही. क्रिश्तूफेकची बोटं त्याच रात्री आखडली. संपला. हे माझ्याकडे टाकून गेला."

लुडमिला स्टुलावर चढली. व्हायोलिन काढलं. आत काहीतरी सरकलं.

टेबलावर तिनं ते उलटं करून झटकलं.

चिमूटभर माती. काळी. ओली.

बाहेर महिनाभर जमीन गोठून दगड झाली होती.

"वीस वर्षं झटकतोय," मास्तर म्हणाले.

तिनं पुन्हा झटकलं...

पुन्हा पडली.