जिवंत फुरशाची दवंडी

दमयंतीने भिकाजी सुर्वेंना होकार दिला. पण तूर्त तो दिलेलाच नाही असं समजा. कारण त्या सोमवारी सकाळी हा गृहस्थ कोण, हेही तिला ठाऊक नव्हतं. तो कोट घालून रत्नागिरीच्या कातळावर पालथा पडला होता आणि एका दगडाखाली डोकावत होता.

“काही पडलंय का तुमचं?”

“नाही. फुरसं शोधतोय.”

“लोक फुरशापासून पळतात.”

“म्हणून तर इथे गर्दी नाही,” तो गंभीरपणे म्हणाला.

दमयंतीला हसू फुटलं... आणि त्याच्या पुढच्या वाक्याला ते विरलं. तो मुंबईच्या विद्यापीठातून आला होता, सखारामशेटांच्या देणगीवर, फुरसं या सापाच्या विषाला उतारा शोधायला. सखारामशेट म्हणजे तिचेच वडील. तीन वर्षांपूर्वी मोठी लेक मथुरा फुरसं चावून गेली, तेव्हा त्यांनी तिच्या नावाने हा निधी काढला होता. पण वाट पाहून ते कंटाळले होते. शनिवारच्या आगबोटीने जिवंत फुरशी मुंबईला गेली नाहीत, तर तोच पैसा धर्मशाळेला जाणार होता.

“धर्मशाळेत ताईसारखी एकही वाचणार नाही,” दमयंती म्हणाली. “तुम्ही दवंडी पिटवा.”

‘जिवंत फुरशी आणा’ अशी दवंडी पिटली. गुरुवारपर्यंत सत्तावीस फुरशी आली, सगळी मेलेली. सरकारी कचेरीत मेलेल्या फुरशावर बक्षीस मिळे. त्यामुळे गावाचा हात एकाच कामात तयार झाला होता.

“ह्यो बघा सायब, एका काठीत गार!” दमयंतीच्या घरचा गडी धोंडू म्हणाला.

“जिवंत हवं होतं हो.”

“जित्ता?” धोंडूने हळूच दमयंतीला विचारलं, “ह्यांच्या घरी म्हायत हाय ना, बाय?”

शुक्रवारी दमयंतीने लोणच्याची रिकामी बरणी उचलली आणि भिकाजीला घेऊन आंब्याच्या बागेत गेली. सोबतीला धोंडू होता, काठीविना. हात कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. बागेच्या गडग्यापाशी, दगड रचून केलेल्या कुंपणापाशी, ती थांबली.

“तीन वर्षांत इथे आले नव्हते मी... ताईला इथेच चावलं.”

भिकाजीने कोट काढून तिच्या पायांपुढे अंथरला — उपयोग शून्य, पण तिला बरं वाटलं. मग तिने स्वतःच गडग्याचा दगड उचलला. खर्र्र... अंगाला अंग घासत वेटोळं फिरलं. भिकाजीचा चिमटा एकदा हुकून पुन्हा पुढे गेला आणि फुरसं बरणीत पडलं.

“घाबरलात?”

“फुरशाला नाही.”

“मग?”

“उद्या बोट आहे, दमयंतीबाई. मुंबईला जाऊन पत्र लिहिलं... तुमच्या वडिलांना, तुम्हाला मागणी घालणारं... तर तुम्ही—”

“आधी झाकण लावा.”

त्याने लावलं.

“लिहा,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पाच फुरशी झाली. शनिवारी बोट फुरशी घेऊन गेली; धर्मशाळा बांधायची राहिली. भिकाजीही गेला. मग दमयंतीने विद्यापीठाला अर्ज धाडला:

‘मे. रजिस्ट्रार साहेब यांचे सेवेशी. अर्जदारीण कळविते की, सदर संशोधनास लागणारी फुरशी रत्नागिरीस आहेत, देणगीदार रत्नागिरीस आहेत, अर्जदारीणही रत्नागिरीसच आहे. एकटे संशोधक तेवढे मुंबईस पडतात. सबब विद्यापीठाने आपली इमारत घड्याळाच्या मनोऱ्यासह पुढील बोटीने इकडे पाठवावी. उतरवून घेण्यास धोंडू हजर राहील.’