टाकीतले जीव कोणी मारले?

"टाकीतले जीव मेले, रेणुकाताई! कोणीतरी मारले!"

तेजल दारातूनच ओरडली आणि सुहासच्या हातातला चहा बशीत सांडला. त्याला वाटलं, मासे मेले.

मासे नव्हते. पावस गावाजवळ तेजलचा चाळीस म्हशींचा गोठा होता. शेणमुताचं पाणी दोन टाक्यांतून जायचं. हवा सोडलेल्या पहिल्या टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करत. बिनहवेच्या दुसरीतले त्याचा साधा नायट्रोजन करून हवेत सोडत. रविवारी सगळं ठणठणीत होतं. सोमवारी अमोनिया जिथल्या तिथे!

"गुरुवारी प्रदूषण मंडळाचे लोक नमुना घेणार. नापास झालो तर गोठा बंद!"

तासाभरात गुप्तहेर रेणुका गोठ्यावर पोहोचली. मागे तिचा मदतनीस सुहास, धापा टाकत. हवेचा पंप चालू होता. गोठ्यातून टाकीकडे जाणाऱ्या पन्हळीत रेणुकाने बोट फिरवलं. बोट निळं झालं, स्वच्छ निळं.

कुंपणापलीकडे आप्पा पोफळींवर फवारत होते.

"काय मारताय, आप्पा?"

"मोरचूद नि चुना. दुसरं काय मारणार?"

"वासाची तक्रार तुम्हीच केलीत ना?"

"केली! पुन्हा करीन. पण तोंडावर, चोरून नाही."

"मोरचूद निळाच असतो," सुहास कुजबुजला. "धरायचं?"

"जरा दम धर."

टाक्या सांभाळणारा अमरदीप नजर चुकवत होता.

"रविवारी कुठे होतास?"

"खेडला. मित्राच्या डुक्करपालनावर. दर रविवारी जातो."

"एवढं काय आहे तिथे?"

"काही नाही, ताई."

त्याच्या स्कूटरला गाळाने माखलेले दोन रिकामे कॅन बांधलेले होते.

गोठ्यात म्हशींची देखभाल करणाऱ्या कमलाबाई एक म्हैस फिरवत होत्या. "बघ गो बाय, कशी चालते नवरीसारखी! पंधरा दिवस लंगडत होती."

खूर निळसर दिसले. जात वेगळी असेल, असं सुहासला वाटलं. भिंतीवर तेजलने ठळक रंगवलं होतं : 'गोठ्यातलं पाणी टाकीतच. थेंबही बाहेर नको.'

रेणुकाने सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

"आप्पांच्या औषधात चुना असतो. पन्हळीत पांढरा कणही नाही, नुसता मोरचूद. म्हणजे तो गोठ्यातूनच आला. कुजलेल्या खुरांसाठी मोरचुदाचं पाणी करतात. कमलाबाई, ते पाणी रविवारी कुठे ओतलंत?"

कमलाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "पन्हळीत. तेजलबायनेच लिहिलंय ना, थेंब बाहेर नको." मग त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. "म्हणजे मीच मारले?"

"मोरचुदात तांबं असतं. ते खुरातले जंतू मारतं, तसंच टाकीतलेही."

"मावशी, लिहिलं मी, तुम्ही पाळलंत," तेजल म्हणाली. "पण नवे जिवाणू आणू कुठून? वाढवायला दोन महिने लागले होते!"

"अमरदीपला विचार," रेणुका म्हणाली. "कॅन गाळाचे, पण रिकामे. गाळ गेला खेडला."

अमरदीपची मान खाली गेली. "मित्राची टाकी सुरू होत नव्हती, ताई. न विचारता नेत गेलो. आता तिथे टाकीभर आहेत. जिवंत."

सुहासला वाटलं, आता याच्या कानाखाली बसणार.

"मग उभा काय राहिलायस?" तेजल किंचाळली. "टँकर बोलाव!"

"तोवर टाकी उपसून धुवायला हवी," आप्पा कुंपण ओलांडत म्हणाले. "वास काय, येतोच आहे."

गुरुवारी दुपारी नमुना पास झाला. कमलाबाईंनी अमरदीपच्या पाठीत आधी एक धपाटा घातला, मग त्याच्या तोंडात पेढा कोंबला.