आधी शेपूट थरथरलं

न्हावरे गावच्या शिवारात, कांद्याच्या रानात विमान पडलं तेव्हा विक्रम पाण्याची दारं धरत होता. माणूस बसेल एवढं मोठं नव्हतं ते. फवारणीसाठी बनवलेलं, अजून चाचणीत असलेलं. पाठोपाठ बांधावरून एक मुलगी धावत आली. गौतमी, पुण्याच्या एका कंपनीतली चाचणी-इंजिनिअर.

"लागलं नाही ना कुणाला?"

"कांद्याला लागलं."

ती हसली... आणि लगेच तुकडे वेचायला वाकली. "पुन्हा मोटरच बंद पडली," ती पुटपुटली.

"न्हाई मॅडम. आधी शेपूट थरथरलं. मोटर मागनं बंद पडली."

तिचा हात थांबला. मोटरच्या दोषावरच तिनं शोधनिबंध लिहिला होता. प्रायोगिक उड्डाण-चाचण्यांवरच्या निबंधांना देशपातळीवर पुरस्कार होता, आणि शेवटच्या तिघांत तिचं नाव होतं. निकाल शुक्रवारी.

"खात्री आहे तुम्हाला?"

"डोळ्यांनी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी ती दुसरं विमान आणि शेपटीला कॅमेरा घेऊन आली. तिसऱ्या दिवशीही आली. दोघं बांधावर खांद्याला खांदा लावून, माना वर करून उभे. श्वास रोखलेला... गुरुवारी विमान वळलं आणि पडद्यावर शेपूट थरथरताना लख्ख दिसलं.

गौतमीचा चेहरा उतरला.

"मी गप बसाय पायजे हुतं," विक्रम म्हणाला.

"आणि उद्या कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?"

तिनं तिथंच बसून फोनवरून पुरस्कार समितीला लिहिलं — निष्कर्ष चुकला आहे, निबंध मागे घेते. अंगठा कितीतरी वेळ बटणावर तसाच. मग तिनं दाबलं.

शुक्रवारी पुरस्कार दुसऱ्याला गेला. शनिवारी चाचणी नव्हती. तरी ती यष्टीतून उतरली. विक्रम फाट्यावरच होता.

"आज इमान कुठाय?"

"नाही आणलं."

"मग...?"

"सगळं मीच बोलायचं का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही..."

"तू म्हण."

"तू आली न्हाईस की दिवस सरत न्हाई बघ."

तिनं नजर वळवली. "मी दौंडच्या भीमनगरातली. घरी सांगशील?"

"आडनावावरनंच कळलं हुतं मला. परवाच सांगितलं घरी. आबा ताटावरनं उठले. आई दोन दिवस बोलली न्हाई."

"आणि आज?"

"म्हणली, हातातलं बक्षीस सोडणारी पोर खोटी नसायची. घिऊन ये, बघू दे."

"आत्ता?"

"भ्यालीस?"

"खूप."

"मी बी," म्हणत त्यानं गाडीला किक मारली. ती मागं बसली, आणि फाटा मागं पडायच्या आतच तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.